थैलीवरचं नाव

दुकानदार : गुरुजी, गिऱ्हाईक कंपनीची नीती बघून माल घेतं, हे तुमचं म्हणणं वर्गात शोभतं. माझ्या काउंटरवर नाही. मृग लागायच्या आधीचे आठ दिवस कळमनुरीतल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात उभे राहा. पहिला प्रश्न, उधारी आहे का? दुसरा, शेजाऱ्यानं मागच्या साली कोणती बॅग लावली होती आणि त्याला एकरी काय उतारा आला? तिसरा, तोही दबक्या आवाजात, याच्यापेक्षा स्वस्तातलं काय आहे? कंपनीचा मालक कोण, तो कर भरतो का, त्याच्या गोदामात दाणा निवडणाऱ्या बाईला हजेरी किती मिळते, हे विचारणारा माणूस माझ्याकडे आजवर आला नाही. आला असता तर मागे उभ्या असलेल्यांनी त्याला धक्के मारून बाजूला केलं असतं. ओल उडायच्या आत पेरणी उरकायची असते. नीतीची चौकशी करत बसायला सवड कुणाला आहे?

गुरुजी : विचारत नाहीत म्हणजे फिकीर नाही, असं थोडंच आहे शेठ? दुधात पाणी आहे का, हे रोज कोण विचारतं? पण एकदा कळलं की गवळी बदलतो. तुमच्या दुकानातला माल कसला आहे, ते आधी बघा. ज्वारी मुठीत घेऊन पारखता येते, कापड चुरगाळून बघता येतं. बियाण्याचं तसं नाही. सोयाबीनच्या बॅगेतला जिवंत दाणा आणि मेलेला दाणा सारखाच पिवळा, सारखाच गोल. कपाशीच्या सरकीला तर औषधाचा रंग चढवलेला असतो, आतलं काय दिसणार? पेरल्यावर आठ दिवसांनी तासं मोकळी दिसली की मग कळतं, आणि तोवर पैसा, ओल आणि नक्षत्र तिन्ही हातचं गेलेलं असतं. घेताना ज्याची पारख करता येत नाही, तिथं माणूस बनवणाऱ्याचं नावच बघणार. दुसरं बघण्यासारखं असतंच काय? प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. त्याच्यामागे शेतावर जाऊन प्लॉट बघणारी आणि नमुना तपासणारी यंत्रणा तरी उभी असते. पण तुमच्याकडचं निम्म्याहून जास्त बियाणं सत्यप्रत म्हणून विकलं जातं, हे तुम्हीच सांगितलं होतं. म्हणजे उगवण किती, शुद्धता किती, हे कंपनीनं स्वतः तपासायचं, स्वतः छापायचं आणि आम्ही मानायचं. कंपनीचा शब्द एवढाच पुरावा असेल, तर शब्द कुणाचा याला किंमत नाही असं कसं म्हणता?

दुकानदार : मग २०२० च्या खरिपाचं बोला. सोयाबीन उगवलं नाही म्हणून आख्ख्या मराठवाड्यात बोंब उठली. औरंगाबाद खंडपीठानं वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली, कंपन्यांवर गुन्हे दाखल करायला सांगितलं. त्या तक्रारींत कोण नव्हतं? मध्य प्रदेशातून आलेल्या, नावही न ऐकलेल्या कंपन्या होत्या आणि आपलं महाबीजही होतं. महाबीज म्हणजे १९७६ साली सरकारनं काढलेलं, अकोल्याचं. त्याच्या नावाला बट्टा लावायला कुणी धजत नव्हतं. त्या साली तेही तक्रारींतून सुटलं नाही. आता यात लबाडी कुठं होती? आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरात, काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं. बियाण्याचे प्लॉटही त्यातच होते. भिजलेल्या दाण्याची उगवणशक्ती जाते, मग थैलीवर नाव कुणाचंही असो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं प्रामाणिक कंपनीचं न उगवलेलं बी आणि चोर कंपनीचं न उगवलेलं बी यात फरक काय? दुबार पेरणीला दोन्हीकडं सारखाच खर्च.

गुरुजी : फरक पुढच्या वर्षी दिसला. तुमच्याकडं २०२१ ला लोक काय मागायला आले?

दुकानदार : ‘महाबीज आलं का?’ हेच विचारत होते. मान्य.

गुरुजी : तेच म्हणतो मी. ज्याच्यावर तक्रार केली, त्याचंच बी मागायला माणसं परत आली, कारण पावसानं घात केला की माणसानं, हे त्यांना कळत होतं. ज्या नावावर लबाडीचा संशय बसला, ती नावं कुणी पुन्हा घेतली का? चूक आणि लबाडी यांचा हिशेब माणूस वेगळा ठेवतो, शेठ. तोंडानं बोलत नसेल, पण ठेवतो. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. त्या सालानंतर किती घरांत गोणपाट ओलं झालं ते आठवा. कृषी सहायक गावोगाव सांगत होते आणि लोकांनी मनावर घेतलं. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर फुटले तर बी चांगलं. कमी फुटले तर एकरी दाणा वाढवायचा, फारच कमी असले तर मोंढ्यात नेऊन विकायचं. सोयाबीन स्वपरागी आहे, सरळ वाण आहे, दोन-तीन हंगाम घरचं बी चालतं. आमच्या आळीत तर पुढच्या साली ओसरीवर गोणपाटांची रांग लागली होती. हे सगळं कशासाठी? बाजारातल्या नावांवरचा विश्वास उडाला म्हणूनच ना? विश्वासाला किंमत नसती तर कुणी एवढा खटाटोप केला नसता.

दुकानदार : सोयाबीनला बाहेर पडायची वाट आहे, म्हणून तुमचं म्हणणं खरं वाटतं. कपाशीकडे या. तिथं घरची सरकी चालत नाही. संकरित वाण, दर साली थैली विकत घ्यायची. किंमत केंद्र सरकार ठरवणार. २०२५ ला बीजी-२ या बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या थैलीला कमाल ९०१ रुपये. म्हणजे भावात फरक नाही. आणि आत काय असतं? २००२ ला पहिल्यांदा बीटीला परवानगी मिळाली, २००६ ला बीजी-२ आलं, आणि त्यानंतर ज्या डझनावारी कंपन्यांच्या थैल्या माझ्या रॅकवर आल्या, त्या जवळजवळ सगळ्यांत बोंडअळी मारणारे जनुक तेच, एकाच ठिकाणाहून परवाना घेऊन आलेले. थैलीवर कुठं वाघ, कुठं बाहुबली, कुठं पांढरंशुभ्र फुटलेलं बोंड. २०१७ ला गुलाबी अळी आली तेव्हा तिनं कुणाचं चित्र बघितलं? सगळ्यांचीच बोंडं किडली. आता सांगा, यातली कोणती कंपनी जास्त नीतीची, हे शेतकऱ्यानं कशावरून ठरवायचं?

गुरुजी : अळी का आली, तेही सांगा की. प्रत्येक थैलीसोबत १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, साध्या, बिगर-बीटी सरकीचं. ते कडेनं लावायचं म्हणजे अळीला साधं झाड मिळावं आणि बीटीला पचवणारी जात लवकर तयार होऊ नये.

दुकानदार : आणि ती पाकिटं कुठं गेली? माझ्या दुकानासमोर नालीत पडायची, गुरुजी. शेतकरी काउंटरवरच थैली फोडून छोटं पाकीट काढून टाकायचा. ‘ही चार तासं अळीला का म्हणून घालू?’ काही घरी न्यायचे, ती माळ्यावर पडून उंदरांनी खाल्ली. आणि कंपन्यांनाही ठाऊक होतं की हे कुणी पेरत नाही, मग त्यात चांगलं बी कशाला भरायचं? तक्रारी तशाच होत्या, पाकिटातलं बी उगवत नाही, उगवलं तर फुलोरा वेगळ्या वेळेला. शेवटी सरकारनं दोन्ही बी एकाच थैलीत मिसळून द्यायला लावलं, कारण विकणारा आणि घेणारा, कुणावरच भरवसा राहिला नव्हता. कंपनीच्या नीतीबद्दल बोलताना गिऱ्हाइकाची नीतीही जरा काढा बाहेर. आणि अजून एक राहिलंच. चोर बीटी.

गुरुजी : तिकडे येणारच होतात तुम्ही.

दुकानदार : यायलाच पाहिजे. तणनाशक सहन करणारी कपाशी. सरकारची परवानगी नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोल्याच्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ती जाहीरपणे पेरून दाखवली. ती सरकी कुठून येते, कोण बनवतं, कुणाला ठाऊक नाही. थैलीवर जे छापलंय ते खरं असेल याची खात्री नाही, कधी थैलीवर काहीच छापलेलं नसतं. बिल नाही, लॉट नंबर नाही, परत करायची सोय नाही. तरी मे महिन्यात माणूस माझ्याकडं येतो, कानाशी लागतो, मी नाही म्हटलं की पुढं जातो आणि कुणाच्या तरी डिकीतून घेऊन येतो. प्रसंगी सरकारी भावापेक्षा जास्त मोजून! ज्या बनवणाऱ्याला नावच नाही, त्याची नीती शून्य की अनंत, हे कसं मोजणार? तरी विकलं जातं, कारण खुरपणीला बाई मिळत नाही. मिळाली तर हजेरी परवडत नाही. गरज उभी राहिली की नाव बसतं, गुरुजी.

(इथं गुरुजींची बाजू लंगडी पडते, हे उघड आहे. ते थोडं थांबले असतील असं वाचकानं धरावं.)

गुरुजी : हे उदाहरण मला अडचणीचं आहे, नाकारत नाही. पण त्यात दोन गोष्टी तुम्ही एकात घातल्या. बेकायदा आणि अनीतीचं, हे शेतकऱ्याच्या लेखी एक नाही. त्याला वाटतं, कायदा चुकलाय, बनवणारा नाही. दुसरं, तो डिकीवाला कोण असतो? पलीकडच्या गावचा, मागच्या साली ज्याचं बी उगवलं तो. अनोळखी माणसाकडून चोर बीटी कुणी घेतं का? नाही घेत. तिथं छापलेलं नाव नसतं म्हणून तोंडी नाव दुप्पट लागतं. आणि ज्या साली फसगत होते त्या साली त्याला तक्रारीचं तोंड नसतं. तालुका समिती पंचनाम्याला येणार नाही, ग्राहक आयोगात उभं राहता येणार नाही. पक्क्या पावतीचं बी घेतलेल्याला निदान ते दार उघडं आहे. २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितलं की शेतकरी हा ग्राहकच आहे. आणि प्रयोगशाळेत तपासायला बियाण्याचा नमुना आणा, असं त्याला म्हणता येणार नाही, कारण त्यानं ते सगळं पेरलेलं असतं. केवढी साधी गोष्ट! पण ती निकालात यावी लागली.

दुकानदार : निकाल दिल्लीत, पंचनामा कळमनुरीत. समितीच्या अहवालात काय लिहून येतं ते मी बघितलंय. ‘पेरणी खोलीवर झाली.’ ‘पुरेशी ओल नसताना पेरणी.’ ‘बीजप्रक्रिया केली नाही.’ कधी ते खरंही असतं, मी कंपन्यांना सगळा दोष देत नाही. पण बहुतेक शेतकरी तिथपर्यंत जातच नाहीत, कारण पावती सापडत नाही, थैली जाळलेली असते, टॅग फेकलेला असतो. ज्या गिऱ्हाइकाकडं पुरावा नाही त्याच्या रागाची कंपनीला भीती का वाटेल? नाव टिकायला कुणी तरी लक्षात ठेवावं लागतं. आमच्याकडं लक्षात राहतो तो फक्त मागच्या सालचा उतारा.

गुरुजी : आणि दुकानदार काय लक्षात ठेवतो? आता मी जरा तुमच्याकडे वळतो, राग मानू नका. शेतकरी येऊन म्हणतो, ‘शेठ, तुम्ही द्याल ते द्या.’ नावांची चाळणी तुम्ही धरलेली आहे. कोणत्या कंपनीची थैली डोळ्यासमोरच्या रॅकवर आणि कोणती मागच्या खोलीत, हे कशावर ठरतं? मार्जिनवर. अमुक थैल्या खपवल्या तर दुकानदाराला परदेशाची सहल, हे काय आम्हाला ठाऊक नाही? डीएपी खताची टंचाई असली की त्याच्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारायची, लिंकिंग म्हणता तुम्ही त्याला. कंपनीची नीती गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, कारण मधे तुम्ही उभे आहात.

दुकानदार : लिंकिंग वरून येतं, मी कोठून आणू? मला गाडी भरून खत हवं असेल तर कंपनी मलाच आधी ती बाटली गळ्यात मारते. सहलीचं खरं आहे. मी गेलोय. पण एक सांगतो, तेही खरं आहे. पीक गेलं की शेतकरी हैदराबादला किंवा अहमदाबादला जात नाही. माझ्या दारात येतो. रिकामी थैली काउंटरवर आपटतो, चार माणसांसमोर बोलतो, आणि आखाडा बाळापूरच्या बाजारापर्यंत माझं नाव पोचतं. म्हणून काही कंपन्या मी ठेवतच नाही, सहल देवोत नाही तर सोनं. एका कंपनीचा माणूस लॉट बदलून देतो म्हणाला आणि हंगाम संपेपर्यंत त्यानं फोन उचलला नाही. मी त्या शेतकऱ्याचे पैसे माझ्या खिशातून वळते केले आणि ती कंपनी बंद केली.

गुरुजी : म्हणजे नावाला किंमत आहे. फक्त ते थैलीवरून काउंटरवर आलंय. कंपनीची नीती बघणारं गिऱ्हाईक आहे, ते तुम्हीच आहात.

दुकानदार : एवढ्यात निकाल लावू नका. माझ्याकडं तुमचाच शेजारी सतरा वर्षांपासून येतो. का? माझ्या नीतीवर भाळून? त्याच्या खात्यावर मागच्या दोन हंगामांची बाकी आहे. तो दुसऱ्या दुकानात रोखीनं जाऊ शकत नाही. मी उद्या त्याला हलकी थैली दिली तरी तो घेईल. मी देत नाही, ही माझी मर्जी. पण ज्याला सोडून जाता येत नाही, त्याच्या विश्वासाला विश्वास म्हणायचं का, हे मला तुम्ही सांगा. तुमची सगळी मांडणी मोकळ्या गिऱ्हाइकावर उभी आहे. असं गिऱ्हाईक पगारदारांत असतं. तुमच्यासारख्या पेन्शनवाल्यांत असतं.

गुरुजी : हे लागलं. उधारीचा मुद्दा मी हलका धरला होता.

दुकानदार : आता खरी गोष्ट काढतो. आतापर्यंत आपण ज्या नीतीबद्दल बोललो ती सगळी गिऱ्हाइकाशी वागण्याची नीती. बी उगवलं पाहिजे, माप बरोबर पाहिजे, छापलंय ते खरं पाहिजे. त्याची फिकीर माणूस करतो, मी कबूल केलं. पण ती नीती आहे की स्वतःचं हित? लक्ष्मणराव किर्लोस्करांचं घ्या. १९१० ला औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, कामगारांना घरं दिली, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीला ठेवलं. केवढी मोठी गोष्ट! पण शेतकऱ्यानं लोखंडी नांगर घेतला तो याच्यासाठी का? सुरुवातीला तर लोखंडानं जमीन नासते म्हणून घेतच नव्हते. काळ्या रानात खोल उलथतो हे दिसलं, तेव्हा घेतला. आता उलटं बघा. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं. युनियन कार्बाइड. आपल्याकडं रात्री लाइट आली की मोटर चालू करायला जाताना हातात जी बॅटरी असायची, तिच्यातले लाल एव्हरेडी सेल त्याच कंपनीचे. लोकांनी घ्यायचे सोडले? दहा वर्षांनी, १९९४ ला, कंपनी दुसऱ्याकडं गेली आणि तिचं नाव काय ठेवलं? एव्हरेडी. कार्बाइड हे नाव टाकावं लागलं, सेलचं नाव टाकावं लागलं नाही. तेच गिऱ्हाइकाच्या मनात घर करून होतं, हे घेणाऱ्यालाही ठाऊक होतं.

गुरुजी : सेल कुठं बनतो आणि वायू कुठून गळला, हे विहिरीवर जाणाऱ्या माणसाला कोण सांगणार होतं?

दुकानदार : मग जवळचं सांगतो. पैनगंगेच्या पलीकडं यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली. वीसच्या आसपास. त्यांत रोजंदारीवर फवारणारे मजूर होते. औषध विकत घेतो मालक, नाकात जातं मजुराच्या. त्यानंतर माझ्या दुकानात ‘फवारणाऱ्याला त्रास न होणारं द्या’ असं म्हणणारे किती आले? बोटावर मोजण्याइतके. ‘रिझल्ट काय आहे’ हेच बाकीच्यांचं. आणि कपाशीची ती थैली? संकरित सरकी बनवायला एकेका फुलाचं नराचं अंग हातानं खुडावं लागतं, दुसऱ्या दिवशी परागकण हातानं लावावे लागतात. त्या कामावर आंध्र-तेलंगणात, गुजरातेत वर्षानुवर्षं लहान मुली राबल्या, याचे अहवाल निघालेत. त्या थैलीतलं बी उत्तम उगवतं. थैली तुम्हाला फसवत नाही, गुरुजी. ज्यांना ती फसवते ते तिचं गिऱ्हाईक नाहीत.

गुरुजी : ... हे मला माहीत होतं आणि मी ते बाजूला ठेवलं होतं. पण माणसाला याची पर्वा नाही, असं मी अजूनही म्हणणार नाही. टॅगवर उगवण छापलेली असते, वाण छापलेला असतो, लॉट असतो, आता क्यूआर कोडही येतोय. मुलींचे हात कुठं छापलेले असतात? जे कळतच नाही त्याची पर्वा कशी करणार? कळलं की फरक पडतो, आणि उदाहरण आपल्या हळदीचंच देतो. बांगलादेशात हळकुंडांना पॉलिश करताना पिवळा शिशाचा रंग लावायचे. लेड क्रोमेट. बायांच्या रक्तात शिसं सापडलं, तपास करत संशोधक हळदीपर्यंत आले. २०१९ ला ते छापून आलं, टीव्हीवर, वर्तमानपत्रात गाजलं. त्या साली बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत शिसं होतं. २०२१ ला एकाही नमुन्यात नाही. दोन वर्षांत!

दुकानदार : तेच उदाहरण माझ्याही कामाचं आहे. पहिलं म्हणजे ते शिसं गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पोरांच्या पोटात जात होतं, म्हणजे पुन्हा स्वतःचंच हित. दुसरं, सरकारनं घाऊक बाजारात जाऊन यंत्रानं हळद तपासली, व्यापाऱ्यांना दंड केला. नुसत्या बातमीनं झालं नाही. आणि तिसरं तुम्ही सांगितलं नाही. तो रंग का लावायला लागले? ऐंशीच्या दशकात पुरानं हळद भिजून काळवंडली, गिऱ्हाईक घेईना, म्हणून. गिऱ्हाइकाला पिवळीधमक हळद हवी होती. भेसळ करणारा गिऱ्हाइकाच्या डोळ्यातून जन्माला आला! आपल्याकडं वेगळं आहे का? हिंगोलीच्या हळद मार्केटला तुम्ही गेला आहात. ढोलात नीट घासलेलं, चकाकणारं हळकुंड आधी उचललं जातं. कुर्कुमिन किती, किती फवारण्या झाल्या, काढणीला बायांना काय दिलं, हे कोण विचारतं तिथं?

गुरुजी : मार्केटला नाही विचारत. कारण माझं पोतं व्यापाऱ्याच्या ढिगात गेलं की माझं राहत नाही. माझी हळद, बाळापूरची हळद, सेनगावची हळद, सगळी एक. पुढं ती सांगलीला जाईल नाही तर आखातात, पाकिटावर नाव तिसऱ्याचंच असेल. चांगलं वागण्याचं नाव व्हायला आधी माल नावानं ओळखू तरी यावा लागतो. वसमतच्या हळदीला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, मला त्यात म्हणूनच रस वाटतो. तुमचं म्हणणं मी असं घेतो : गिऱ्हाईक वाईट नाही, आंधळं आहे, आणि काही वेळा बांधलेलंही. माझा हट्ट एवढाच, की त्याला दिसू द्या, मोकळं करा, मग परीक्षा घ्या.

दुकानदार : आणि माझं म्हणणं, दिसलं तरी त्याचे दोन भाग पडतात. त्याच्या अंगावर येणारं तो बघेल. दुसऱ्याच्या अंगावर येणारं बघायला त्याला भाव मोजावा लागेल, आणि तिथं मला खात्री नाही. तुमच्यापासूनच सुरू करू. समजा पुढच्या खरिपात दोन थैल्या आल्या. वाण तोच, उगवण तीच. एकीवर लिहिलंय, परागीकरणाला पोरं लावलेली नाहीत, त्रयस्थानं तपासलंय. ती दीडशे रुपयांनी महाग. तुमच्या सात एकरांना चौदा थैल्या. घ्याल?

गुरुजी : माझ्यासाठी घेईन.

दुकानदार : बटईनं दिलेल्या तीन एकरांसाठी? तिथं बियाण्याचा अर्धा खर्च बटईदाराचा आहे.

गुरुजी : त्याला विचारावं लागेल.

दुकानदार : विचारा. आणि तो काय म्हणाला ते मला येऊन सांगा. पण एक करा, त्याच्यावर तुमची उचल बाकी असेल तर ती फिटल्यावर विचारा, नाही तर तो तुमच्या तोंडाकडं बघून हो म्हणेल.